सांगोल्याचा 11 चा रेकॉर्ड सगळ्यांना पाठ आहे, 192 आणि 768 कुणालाच आठवत नाहीत

दरवर्षी 30 जुलैला भाई गणपतराव देशमुखांचा स्मृतिदिन आला की तोच एक फॉरवर्ड सगळ्या ग्रुपवर फिरतो. एकाच मतदारसंघातून 11 वेळा आमदार, एसटीने प्रवास, साधी राहणी, जगातला रेकॉर्ड वगैरे. खाली हात जोडलेले इमोजी. आणि उरलेलं वर्षभर सांगोला म्हटलं की लोकांना जून 2022 मध्ये एकनाथ शिंदेंच्या बंडाच्या वेळी इथले तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटलांचा गुवाहाटीहून आलेला तो फोन आठवतो, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील". पुण्यात ऑफिसात कुणी गाव विचारलं आणि सांगोला सांगितलं की समोरचा हमखास हेच म्हणून दाखवतो. म्हणजे 60 वर्षांच्या निवडणुकांचा इतिहास असलेला तालुका लोकांनी एका आकड्यात आणि एका डायलॉगमध्ये गुंडाळून टाकलाय. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाचा.

आधी तो रेकॉर्ड नीट समजून घेऊ. गणपतराव, म्हणजे आमचे आबासाहेब, 1962 ला पहिल्यांदा निवडून आले. महाराष्ट्र राज्य झाल्यावरची ती पहिलीच विधानसभा निवडणूक. मग 1967, 1974 ची पोटनिवडणूक, 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009 आणि 2014. मोजा, बरोब्बर 11 होतात. महाराष्ट्रात एका मतदारसंघातून इतक्या वेळा कुणीच निवडून आलेलं नाही. पण जगात, देशात असलं काही लिहू नका राव, केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी 13 वेळा निवडून आले होते. करुणानिधीही 13 वेळा आमदार झाले पण ते मतदारसंघ बदलत गेले. आबासाहेबांना खोट्या रेकॉर्डची गरज नाही, खरा आहे तोच पुरेसा मोठा आहे.

आता ही यादी परत वाचा आणि मधल्या गाळलेल्या जागा बघा. 1972 आणि 1995. माझ्या मते सांगोल्याचा इतिहास कळायचा असेल तर या दोन सालांपासून सुरू करावा लागतो. 72 ला इंदिरा गांधींची लाट होती, काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी आबासाहेबांना पाडलं. पुढे काकासाहेबांचं निधन झालं आणि 74 च्या पोटनिवडणुकीत लोकांनी आबासाहेबांना परत पाठवलं. तिथून 90 पर्यंत सलग. आणि मग 95. शहाजीबापू पाटील, तेव्हा काँग्रेसमध्ये, तरणा माणूस, 192 मतांनी जिंकले.

192!! तालुक्यात गावं शंभराच्या वर आहेत, म्हणजे गावाला दोन मतंसुद्धा आली नाहीत. एखाद्या घरातली सासू-सून लग्नाला गेल्या असतील तेवढ्यात निकाल फिरला म्हणायचा. आणि गंमत बघा की 95 हे असं साल की राज्यात काँग्रेसची सत्ता गेली, युतीचं सरकार आलं, आणि त्याच वर्षी सांगोल्याने काँग्रेसचा आमदार निवडला. 72 सोडलं तर वाऱ्याच्या उलट जायची आमच्या तालुक्याला सवयच आहे. 62, 67 ला सगळीकडे काँग्रेस, सांगोल्यात लाल बावटा, म्हणजे आबासाहेबांचा शेतकरी कामगार पक्ष (शेकाप). 80 ला काँग्रेस जोरात परत आली, सांगोल्यात लाल बावटा. 2014 ला मोदी लाट, चौरंगी लढती, भले भले पडले, आणि नव्वदीकडे झुकलेले आबासाहेब 25 हजारांवर मतांनी निवडून आले, समोर तेव्हा शिवसेनेत असलेले शहाजीबापूच होते.

त्यामुळे "लोक डोळे झाकून द्यायचे", "भक्ती होती" असं कुणी म्हणालं की मला राग येतो. भक्ती असती तर दोनदा पाडलं नसतं. दुसरं एक हमखास ऐकायला मिळतं, की धनगर समाज मोठा आहे म्हणून निवडून यायचे. अरे मग 72 आणि 95 ला तो समाज काय दुसऱ्या तालुक्यात राहायला गेला होता का? आणि नुसत्या एका जातीच्या मतांवर 11 वेळा निवडून येता येत असतं तर महाराष्ट्रात असे शंभर आमदार दिसले असते. बरं, आबासाहेबांचा जन्म सांगोल्यातला नाही, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. वकिली करायला म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. आमच्याच घरात चुलते लाल बावट्याचे आणि मामा पाटील गटाचे, जात एकच, निवडणुकीच्या महिन्यात जेवायला एका पंगतीला बसले तरी बोलायचे नाहीत. म्हणजे लढाई होती, दर वेळी होती, आणि दर वेळी जिंकून घ्यावी लागत होती.

आता मला जे खरं म्हणायचंय ते. आजकाल कुठलाही आमदार पक्ष बदलला की एकच कारण सांगतो, निधी पाहिजे, मतदारसंघाचा विकास करायचाय, विरोधात बसून कामं होत नाहीत. लोकांनाही ते पटायला लागलंय, गावातली पोरंसुद्धा आता असंच बोलतात की सत्तेतला आमदार पाहिजे. मी म्हणतो सांगोल्याचा इतिहास काढा आणि मग बोला. विधानसभेत जवळजवळ अर्धशतक काढलेला माणूस सत्तेत किती होता? 78 ला पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री आणि 99 ला विलासराव देशमुखांच्या सरकारात, ते पण 2002 ला शेकापने पाठिंबा काढला तेव्हा संपलं. दोन्ही मिळून पाच वर्षंसुद्धा भरत नाहीत. बाकी सगळा काळ विरोधी बाकावर. आणि तरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली, रोजगार हमीची कामं झाली, डाळिंबाने तालुक्याचं नाव झालं (डाळिंबाचं श्रेय अर्थात शेतकऱ्यांचं, टँकरने पाणी घालून बागा जगवल्यात आमच्या लोकांनी).

यावर विरोधकांचा मुद्दा असतो आणि तो हलका नाही. ते म्हणतात, एवढी वर्षं आमदार होते मग तालुका दुष्काळीच का राहिला, पाणी का नाही आलं? माण नदी वर्षातले बरेच महिने कोरडी, जनावरं चारा छावणीत, पोरं मुंबई-पुण्याला, हे सगळं खरंय, मी त्याच घरातून आलोय. पण मग शेजारच्या तालुक्यांकडे पण बघा ना. जत, आटपाडी, माण, मंगळवेढा, इथे तर बहुतेक काळ सत्तेतल्या पक्षांचे आमदार होते. मंगळवेढ्याच्या 35 गावांचा पाणीप्रश्न किती निवडणुका चालला ते त्या गावांना विचारा. जत तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी 2022 मध्ये पाणी नाही म्हणून कर्नाटकात जायची भाषा केली, सगळ्या टीव्हीवर आलं होतं. म्हणजे पाणी न येण्याचं कारण आमदार विरोधात होता हे नाही. सगळा हा पट्टाच कृष्णेच्या पाण्याच्या वाटपात शेवटच्या टोकाला आहे आणि टेंभू-म्हैसाळसारख्या उपसा योजना पैशाअभावी वर्षानुवर्षं रखडल्या. उलट 13 दुष्काळी तालुक्यांची जी पाणी परिषद आटपाडीला भरत राहिली, नागनाथअण्णा नायकवडी, एन. डी. पाटील, भारत पाटणकर, त्यात आबासाहेब पहिल्यापासून होते. समन्यायी पाणीवाटप हा शब्द आमच्याकडच्या अडाणी म्हाताऱ्यांनासुद्धा माहीत आहे तो त्या परिषदांमुळे. मी असं म्हणत नाही की त्यांच्या काळात कमतरता नव्हत्या. एमआयडीसी, मोठे उद्योग, पोरांना तालुक्यातच नोकऱ्या, यावर टीका झालीच पाहिजे आणि मी पण करतो. पण विरोधात होते म्हणून तालुका मागे राहिला हे गणित आकड्यात बसत नाही.

पक्षाचं बघा. 1967 ला शेकापचे 19 आमदार होते, त्याच पक्षाचे कृष्णराव धुळप दहा वर्षं विरोधी पक्षनेते होते. 72 ला 7 झाले, 78 आणि 85 ला परत 13, मग 90 ला 8, 95 ला 6, 99 ला 5, 2004 ला फक्त 2. त्या दोघांतले एक आबासाहेब. एवढा पक्ष डोळ्यांदेखत आटत गेला, किती जण काँग्रेसमध्ये गेले, किती जण राष्ट्रवादीत, आणि हा माणूस आहे तिथेच. बोलावणी आली नसतील का? तरी मतदाराने कधी म्हटलं नाही की आबासाहेब पक्ष बदला मगच मत देतो.

मग 2019. आबासाहेब उभे राहिले नाहीत, वय झालं होतं. शेकापने आधी एक नाव जाहीर केलं, मग बदलून नातू डॉ. अनिकेत देशमुखांना उभं केलं. 24 ऑक्टोबरला मतमोजणी होती, मी सुट्टी काढून गावी गेलो होतो. माझा चुलतभाऊ डाळिंबाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर प्रत्येक फेरीचा आकडा लिहीत होता, एक बाजू भरली की पुठ्ठा उलटा करून. महूद, जवळा, कोळा, घेरडी, नाझरे, कुठली पेटी उघडली असेल यावर वाद. शेवटचा आकडा लिहिला तेव्हा शहाजीबापू 99,464 आणि अनिकेत 98,696. फरक 768. त्याने तो पुठ्ठा टाकला नाही, अजून माळ्यावर आहे त्याच्या. 24 वर्षांनी बापू परत आमदार झाले आणि मी सांगतो, त्यात चुकीचं काहीच नव्हतं. 95 ला जिंकून नंतर इतक्या वेळा पडूनसुद्धा मैदान न सोडणारा माणूस आहे तो, त्यांच्या कर्जाच्या आणि साध्या घराच्या गोष्टी ते स्वतःच सांगतात. त्यांना नुसतं त्या फोनवरून ओळखणं हा त्यांच्यावरही अन्यायच आहे.

पण त्या फोननंतर जे झालं ते मतदाराने लक्षात ठेवलं असं मला वाटतं. 2024 ला राज्यात महायुतीच्या 230 च्या वर जागा आल्या, असं यश अलीकडे कुणी बघितलं नव्हतं. आणि सांगोल्यात काय? शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख, आबासाहेबांचे दुसरे नातू, 1,16,256. शहाजीबापू 90,870. ठाकरेंच्या शिवसेनेकडून दीपकआबा साळुंखे 50,962. आघाडीतच दोन उमेदवार, मतं फुटणार, बापू आरामात निघणार असं सगळे पंडित सांगत होते, आणि फरक पडला 25,386 चा. विधानसभेत शेकापचा एकच आमदार आला तो सांगोल्याचा. निधी भरपूर आला होता बरं का बापूंच्या काळात, सत्तेतले आमदार होते, मंजूर कामांचे बॅनर गावोगाव लागले होते. सत्ता हेच जर सगळं असतं तर हा निकाल लागलाच नसता.

नव्या आमदारांकडून माझी एकच अपेक्षा आहे, उद्या कुठूनही बोलावणं आलं आणि "तालुक्याच्या विकासासाठी" हे शब्द तोंडात यायला लागले तर आधी 1962 पासूनचे निकाल काढून बसा. नातू म्हणून एकदा मत मिळतं, पुढची मतं स्वतःची स्वतः मिळवावी लागतात. आबासाहेबांना 192 मतांनी पाडणारा तालुका आहे हा, आणि 2008 च्या पुनर्रचनेत पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ जोडल्यापासून तर गणितं अजून अवघड झालीत.

आणि आपल्या सांगोलेकरांना एक विनंती. कुणाच्या घरात 62, 67 किंवा 74 च्या निवडणुकीची पत्रकं, जुनी मतदार चिठ्ठी, सभेचा फोटो असं काही असेल तर रद्दीत देऊ नका. मोबाईलवर साधा फोटो काढून मला मेसेंजरवर टाका, मागे कुठल्या गावचं आणि कुणाच्या सभेचं तेवढं लिहा. विशेषतः 74 ची पोटनिवडणूक ज्यांनी बघितली अशी माणसं आता थोडीच उरलीत, त्यांच्याशी बोलायला मी दिवाळीत गावी येतोय. घरात कुणी आजोबा-आजी असतील ज्यांना ते आठवतंय, तर फक्त गावाचं नाव कळवा, मी येऊन भेटतो.