पूररेषेत घर आले म्हणजे घर गेले?

चिपळूण, महाड, राजापूरकडे हा मजकूर फिरतोय: "सुधारित पूररेषेतली घरे पाडणार. लाल रेषेतल्यांना पूरविमा सक्तीचा. आणि विमा काढला तरी पुराचे पैसे मिळणार नाहीत." तिन्ही विधाने चुकीची आहेत. ती वाचून कुणी घाबरून पडेल भावात घर विकू नये, म्हणून हे उत्तर.

निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत नवे घर बांधता येत नाही, हे खरे. पण नुसती रेषा आखल्याने जुने अधिकृत घर बेकायदा ठरत नाही. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत त्याच्या पुनर्बांधणीलाही वाट आहे; अट अशी की जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर उंच हवे. दोन रेषांमधल्या पट्ट्यात नव्या घरालाही हीच अट. घोळ होतो तो इथे: हे 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट, लोक रस्त्यापासून मोजतात. समजा, तुमच्या जागी लाल पातळी 8.20 मीटर आणि जमीन 6.90. मग जोते 8.65 वर, म्हणजे जमिनीपासून 1.75 मीटर, जवळपास पावणेसहा फूट! नकाशा काढण्याआधी जागेची पातळी मोजून घ्या. बांधकाम परवानगीही शोधून ठेवा. घर अधिकृत ठरायला नुसती घरपट्टीची पावती पुरत नाही.

विम्याची सक्ती अमेरिकेत आहे, तिथल्या पूरक्षेत्रातल्या कर्जाऊ घरांना. आपल्याकडे तसा कायदा नाही. बँक करारातून घराचा विमा मागू शकते, तो करार वाचा. कर्जासोबत गळ्यात मारलेला आयुर्विमा म्हणजे घराचा विमा नव्हे.

पैशांचे म्हणाल तर 1 एप्रिल 2021 पासून मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पूर धरलेला आहे. रक्कम ठरते पुनर्बांधणीच्या खर्चावर, जमिनीची किंमत त्यात नाही. 800 चौरस फुटांना 2,000 रुपये दर धरला, तर इमारतीचे 16 लाख आणि सामानासाठी आपोआप 20 टक्के, म्हणजे 3.2 लाख (कमाल 10 लाख). रोकड आणि वाहन त्यात नाही. खाली दुकान, वर घर असेल तर दुकानाच्या मालाची पॉलिसी वेगळी काढा. बाजारपेठेत नेमके हेच राहून जाते. आधी पाणी शिरले होते का, असे अर्जात विचारले तर खरे लिहा, नाहीतर दावा तिथेच अडेल.

आणि रेषेबाहेरच्यांनीही निर्धास्त राहू नये. अगदी लाल रेषेवरच्या घराला 30 वर्षांच्या कर्जकाळात एकदा तरी पाणी लागण्याची शक्यता सुमारे 26 टक्के, निळ्या रेषेवर 70 टक्के. भरतीच्या वेळी वहाळातून उलटे चढणारे पाणी तर वेगळेच.

पाणी ओसरले की गाळ उपसण्याआधी भिंतीवरच्या खुणेचे आणि भिजलेल्या सामानाचे फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा. सरकारी मदतीचा पंचनामा वेगळा आणि विम्याच्या सर्वेक्षकाची पाहणी वेगळी. दोन्ही करून घ्या.