ड्राफ्टवर बोलायला मॅच कशाला बघायला पाहिजे?

क्लीव्हलंडला नवीन राहायला आला असाल आणि पॉटलकमध्ये ब्राउन्सचा, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचा, विषय निघाला की पुलावाची प्लेट धरून गप भिंतीला टेकत असाल, तर हे तुमच्यासाठी. अजिबात घाबरू नका. मला फोर्थ डाउन म्हणजे काय ते कळायला तीन वर्षं लागली, पण ड्राफ्टवर, म्हणजे दर एप्रिलमध्ये टीम पाळीपाळीने कॉलेजातली पोरं निवडतात त्यावर, मत मी पहिल्याच एप्रिलमध्ये दिलं होतं आणि ते आजपर्यंत चुकलेलं नाही, कारण ते काय होतं ते कुणालाच आठवत नाही, मलापण नाही.

सात राउंड, अडीचशेच्या वर पोरं, ती कॉलेजात कशी खेळली हे बघत बसायला तुम्हाला काय पगार मिळतो का? दोन मिनिटांचे हायलाइट्स बघा, तेपण दीडच्या स्पीडने. बाकी चाळीस यार्ड किती सेकंदात पळतो आणि क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) असेल तर पंजा किती इंचाचा, एवढं पाठ पाहिजे. पंजा नऊ इंचाच्या खाली भरला की काही बोलू नका, मुलगी बघायला गेलेल्या आत्यासारखं नुसतं "हात जरा..." म्हणून सोडून द्या. पुढचं काम लोक करतात.

आता इतिहास. २००० साली ब्राउन्सनी १८३ व्या नंबरला स्पर्गन विन नावाचा क्वार्टरबॅक घेतला आणि १९९ व्या नंबरला पॅट्रियट्सनी पुढे सात वेळा सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकणारा टॉम ब्रेडी घेतला. यावर "मी तेव्हाच म्हणत होतो" म्हणायचं. तेव्हा तुम्ही साताऱ्यात दहावीला होता आणि फुटबॉल पायाने खेळतात एवढंच माहीत होतं, हे सांगत फिरायची गरज नाही. तसंच २०१७ चं. आपला १२ नंबरचा पिक, म्हणजे निवडीची पाळी, आपणच ह्यूस्टनला देऊन टाकला, त्यांनी त्यावर डिशॉन वॉटसन घेतला, आणि २०२२ मध्ये तोच वॉटसन आपण तीन फर्स्ट राउंड पिक देऊन आणला आणि वर २३ कोटी डॉलर गॅरंटीड. (घरातला फ्रिज भंगारात घालून पाच वर्षांनी तोच शोरूमच्या भावाने विकत आणल्यासारखं, पण असो.) त्या दिवशी तुम्ही खूश झाला होता की नाही, ते विसरा.

२०२५ मध्ये तर सोयच केली त्यांनी. दोन नंबरचा पिक जॅक्सनव्हिलला दिला, मग ९४ ला डिलन गेब्रिएल आणि १४४ ला शेड्यूर सँडर्स, एकाच ड्राफ्टमध्ये दोन क्वार्टरबॅक! कुठलाही एक पकडा. दुसरा खेळला आणि हरला तर "बघा", जिंकला तर "समोरची टीमच फालतू होती".

पण खरा माणूस ओळखायचा तो ऑगस्टच्या शेवटी, टीममधल्या नव्वद खेळाडूंतले त्रेपन्न ठेवून बाकीच्यांना घरी पाठवतात तेव्हा. २०२५ ला तो दिवस नेमका २६ ऑगस्टला आला, दुसऱ्या दिवशी गणपती. आमच्या बेसमेंटमध्ये एक मित्र मखराला थर्माकोलचा खांब चिकटवत होता, एका हातात ग्लू गन, दुसऱ्या हातात फोन, आणि चार वाजता एकदम खालीच बसला.

"अहो काय झालं?" त्याची बायको वरून धावत आली.

"काढला गं त्याला."

"कुणाला?"

"सहावा रिसीव्हर."

"कसा खेळायचा?"

"प्रीसीझनच्या सराव मॅचमध्ये दोन कॅच घेतले होते."

तोवर ग्लू गन कार्पेटला चिकटलेली. हे असं जमलं पाहिजे. जुलैपर्यंत ज्याचं नाव माहीत नव्हतं त्याचं ऐन गणपतीच्या तोंडावर सुतक पाळता आलं पाहिजे, आणि कर्ट वॉर्नरलापण १९९४ मध्ये पॅकर्सनी काढला होता, सुपरमार्केटात रात्री फळ्या भरायचा, नंतर सुपर बोल जिंकला, हे गळा दाटून सांगता आलं पाहिजे.

तो रिसीव्हर वेव्हरवर गेला, म्हणजे बाकी ३१ टीमांना फुकटात मिळत होता. दुसऱ्या दिवशी आरती होऊन मोदक वाढेपर्यंत कुणीच घेतला नाही आणि ब्राउन्सनी त्याला परत प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे सरावापुरत्या राखीव यादीत, ठेवून घेतला. एखादा कच्चा फॅन यावरून भलताच अर्थ काढेल. माझ्या मित्राने तिसऱ्या मोदकावर तूप ओतलं आणि शांतपणे सांगितलं, एकतीसच्या एकतीस टीमांच्या जीएमना, म्हणजे खेळाडू निवडणाऱ्या मॅनेजरांना, फुटबॉल कळत नाही.