पेस्ट बदलली तरी ग्राफिक्स कार्ड ८६ अंशांवर का? परभणीच्या वाचकाला उत्तर

नमस्कार भाऊ,

कार्डाच्या तापमानावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया चांगली खरमरीत आहे आणि तिच्यात आकडे आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुमच्याकडे आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा संगणकातला भाग) आहे आणि वर पत्र्याची खोली. गेम खेळताना कार्ड ८४ अंश आणि हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा, ९७ दिसत होतं. तुम्ही चिपची उष्णता हीटसिंकला (वरच्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्याला) पोचवणारी पेस्ट आणि त्याच कामाचे सगळे थर्मल पॅड बदलले, तर आकडे ८६ आणि १०८ झाले. मग कॅबिनेटची बाजूची पाटी काढून समोर पाण्याचा कूलर लावला आणि कार्ड ८ अंशांनी उतरलं. तुमचं म्हणणं असं की व्होल्टेज आणि पॉवर कमी करा हा माझा सल्ला म्हणजे पैसे मोजून घेतलेलं कार्ड अर्धं वापरणं, आणि "८३ पर्यंत काळजी नको" हे वाक्य एसीत बसणाऱ्यांसाठी लिहिलेलं.

शेवटचा आक्षेप पूर्ण मान्य. खोलीचं तापमान न सांगता कार्डाचा आकडा सांगण्यात काही अर्थ नाही, आणि लेखात ते राहून गेलं. तेवढाच भार आणि पंख्याचा तेवढाच वेग असेल तर कार्ड खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच वर राहतं. एखाद्या व्हिडिओत २२ अंशांच्या खोलीत ६५ दाखवणारं कार्ड खोलीच्या ४३ अंश वर असतं. तुमची खोली दुपारी ४१ आणि कार्ड ८६, म्हणजे ४५ अंश वर. फरक फक्त दोनाचा! मे महिन्यात आपल्याकडे कुणी ६५ ची अपेक्षा धरून कार्ड उघडत असेल तर त्याने आधी भिंतीवर थर्मामीटर लावावा.

तुमचा खरा बिघाड ८६ या आकड्यात नाही, तो हॉटस्पॉटच्या फरकात आहे. आधी कार्ड आणि हॉटस्पॉटमध्ये १३ अंशांचं अंतर होतं. १० ते १५ हे ठीकठाक अंतर. तुम्ही उघडून बंद केल्यावर ते २२ झालं. खोली कितीही तापली तरी हे अंतर एवढं वाढत नाही. याचा अर्थ हीटसिंक चिपवर सपाट बसलेला नाही. तुम्ही लिहिलंय की दुकानात १.५ मिलिमीटरचे पॅड मिळाले, तेच सगळीकडे लावले. माझा संशय तिथेच आहे. तुमच्या कार्डावर मेमरीच्या ६ चिप आहेत. तिथे कंपनीचा पॅड १ मिलिमीटरचा असेल, तर प्रत्येक चिपवर अर्धा मिलिमीटर जादा झाला. कडक पॅड दबत नाही, तो हीटसिंकला उचलून धरतो, आणि मधल्या जीपीयूवर (कार्डाच्या मुख्य चिपवर) जिथे पेस्टचा केसाएवढा थर हवा तिथे जाड लगदा राहतो. पेस्ट कितीही महागाची असली तरी जाड थरातून उष्णता नीट जात नाही.

खात्री करायला कार्ड पुन्हा उघडावं लागेल. संगणक बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मागचे स्क्रू काढल्यावर हीटसिंक झटक्यात ओढू नका, पंख्याची आणि लाइटची बारीक वायर बोर्डाला जोडलेली असते. आता चिपवरची पेस्ट नीट बघा. बसवणूक बरोबर असेल तर पेस्ट कडेला ढकललेली दिसते आणि मध्ये इतका पातळ थर उरतो की खालचा चकचकीत भाग अंधुक दिसतो. तुमच्याकडे बहुधा एका कोपऱ्यात किंवा मधोमध राखाडी, जाड, उठावदार थर दिसेल. पॅडवर चिपचा हलका चौकोनी ठसा हवा. पॅड खोल दबून बाजूला फुगला असेल तर तो जाड आहे. अजिबात ठसा नसेल तर तो पातळ आहे, आणि ही चूक जास्त महाग पडते, कारण या कार्डात मेमरीचं तापमान सॉफ्टवेअरमध्ये दिसतच नाही. स्क्रीनवर ठिपके आणि रंगीत पट्टे यायला लागल्यावरच कळतं.

कंपनीचे जुने पॅड ठेवले असतील तर न दबलेल्या कडेला व्हर्नियरने जाडी मोजा. मेमरीवर आणि पॉवरच्या भागावर जाडी वेगळी असू शकते. पॅड फेकून दिले असतील तर थर्मल पुटी (उष्णता वाहणारा मऊ लगदा) घ्या, ती जागा असेल तेवढीच दबते. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी पुरते, पण उघडी चिप असल्यामुळे ती चारी कोपऱ्यांपर्यंत पसरून लावा. प्रोसेसरसारखा मध्ये ठिपका ठेवून सोडू नका. पातळ पेस्ट अशा गरमीत काही महिन्यांत कडेला सरकते, म्हणून घट्ट पेस्ट किंवा पीटीएम ७९५० ची शीट (पेस्टऐवजी लावायची पातळ पट्टी) बरी. चिपभोवतीचे चार स्क्रू तिरपे, समोरासमोरचे, प्रत्येकी अर्धा फेरा असे आळीपाळीने आवळा. एक कोपरा आधी पूर्ण आवळला की समोरचा कोपरा उचलला जातो. बऱ्याच जणांचं इथेच बिघडतं.

आता कूलरबद्दल. ८ अंश उतरले हे खरंच आहे, आणि कारण साधं आहे: कार्डाला ४१ ऐवजी ३३ ची हवा मिळाली. गार हवेला माझा विरोध नाही. दमट हवेने गरम कार्डावर दव धरत नाही, तीही भीती नको. भीती आहे ती वाऱ्याबरोबर उडणाऱ्या थेंबांची. कूलरमध्ये बोअरचं पाणी असतं, आणि आपल्याकडच्या बोअरचं पाणी किती जड हे कूलरच्या जाळीवर साचलेल्या पांढऱ्या थरावरून दिसतंच. तोच क्षार बोर्डावर वाळतो. मेमध्ये तो गप्प बसतो. जूनमध्ये हवा ओलसर झाली की ओल धरतो आणि पिना गंजायला लागतात. शिवाय ओली धूळ हीटसिंकच्या पात्यांत चिखलासारखी बसते, ती ब्लोअरने निघत नाही.

म्हणून कूलर खिडकीत लावा, वारा खोलीत सोडा, समोरचं दार उघडं ठेवा. दार बंद असेल तर तासाभरात खोली घामट होते आणि कूलर गार करायचं थांबतो. कॅबिनेट वाऱ्याच्या रेषेत नको, बाजूला ६ ते ८ फुटांवर ठेवा आणि पाटी परत लावा. पाटी काढल्यावर कार्ड उतरत असेल तर समोरून हवा कमी येते आहे. पुढे १२० मिलिमीटरचे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा, एवढं पुरतं. टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट असेल तर आजच बाहेर काढा, मागे भिंतीपासून अर्धा फूट जागा सोडा. सोयाबीनच्या मळणीपासून कापसाचा हंगाम संपेपर्यंत दर महिन्याला ब्लोअर मारा. कापसाचा तंतू पात्यांवर गादीसारखा बसतो. हवा मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा गरगर फिरू देऊ नका.

राहिला "अर्धं कार्ड" हा मुद्दा, आणि इथे मी मागे हटणार नाही. ८३ च्या पुढे कार्ड स्वतःच क्लॉक (चिपचा वेग) उतरवतं, म्हणजे कामगिरी तुम्ही आजच गमावताय, फक्त ती तुमच्या हातात नाही. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. १.०५ व्होल्टवरून ०.८७५ वर आलात की त्या वर्गात ३० टक्के घट होते. मेमरी आणि बाकी बोर्डाची वीज तशीच राहते, म्हणून एकूण घट साधारण पावभर धरा. क्लॉक १९०० मेगाहर्ट्झवरून १८०० वर येतं, ५ टक्के. गेममध्ये हा फरक डोळ्याला दिसत नाही. आणि तुमचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रं दाखवणारा, आणि कार्डाकडून फ्रेम (चित्रं) येतात १३०. ७५ च्या वरच्या फ्रेम मॉनिटर पूर्ण दाखवूच शकत नाही, त्यांची उष्णता मात्र पत्र्याखाली तुम्हीच सोसता. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये कमाल फ्रेमरेट ७२ करा. बऱ्याच गेममध्ये एवढ्यानेच काम भागतं.

व्होल्टेजसाठी आफ्टरबर्नर (कार्डाचं व्होल्टेज आणि वेग बदलायचं सॉफ्टवेअर) उघडा, कंट्रोल आणि एफ दाबा, आलेल्या आलेखात ८७५ मिलिव्होल्टचा बिंदू १८०० वर आणा, त्याच्या उजवीकडची रेघ सपाट करा, अप्लाय करा. अर्धा तास तुमचा सगळ्यात जड गेम चालवा. गेम बंद पडला तर २५ मिलिव्होल्ट वाढवा. दोन-तीन दिवस नीट चालल्याशिवाय संगणक सुरू होताना आपोआप लागू होईल अशी खूण करू नका, नाहीतर चुकीचा आकडा दर वेळी परत लागेल.

आधी फ्रेमची मर्यादा लावा, त्याला पैसे लागत नाहीत. मग पॅड बघा. आणि २० मिनिटं गेम चालल्यावर तीन आकडे इथेच लिहा: खोली, कार्ड, हॉटस्पॉट. अंतर १५ च्या आत आलं असेल तर पुन्हा स्क्रूला हात लावू नका. नसेल, तर पॅडवरच्या ठशांचा फोटो टाका, कोणता कोपरा उचलला आहे ते त्यावरून सांगता येईल.