दूरनियंत्रित रिपीटरचा टायमर काढा, असे कोणताही नियम सांगत नाही

गेल्या आठवड्यात दापोलीहून भाचीने मला एक मजकूर पाठवला आणि खाली विचारले, "मामा, मग टायमर काढून टाकू का?" तिच्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे. तिच्या गटाला सड्यावर रिपीटर, म्हणजे दुरचे सिग्नल ऐकून तेच जोरात पुढे पाठवणारे यंत्र, उभारण्याची परवानगी मागायची आहे आणि त्याचा नियंत्रक ती घरी टेबलावर जोडते आहे. कोकणातल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ मंडळींमध्ये फिरणारा हा मजकूर मी याआधी दोनदा वाचून सोडून दिला होता. आता त्याच्या भरवशावर कोणी सर्किट बदलायला निघाले आहे, म्हणून उत्तर लिहिणे भाग आहे.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे आहे. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाच्या नियमावलीतील, हौशी रेडिओसाठीच्या भाग ९७ प्रमाणे दूरनियंत्रित रिपीटरला जबाबदार चालक लागत नाही. नियंत्रण तुटल्यावर टायमरने प्रक्षेपण थांबवण्याची तीन मिनिटांची मर्यादा जुन्या टेलिफोन तारांसाठी होती, इंटरनेटवरून नियंत्रण असेल तर ती लागू नाही, आणि वादळात तर टायमर काढूनच ठेवावा. नियंत्रणाचे कोड गुप्त ठेवणे म्हणजे सांकेतिक भाषा वापरणे, म्हणून ते सर्वांना सांगावेत. नियंत्रणाची लिंक कोणत्याही फ्रिक्वेन्सीवर चालते. आणि अमेरिकेत हे मान्य असल्याने भारतात कोणी हरकत घेऊ शकत नाही.

शेवटच्या दाव्याला फार वेळ देण्याचे कारण नाही. भारतात १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून विनापरवाना बिनतारी यंत्र जवळ बाळगणेही गुन्हा ठरलेले आहे, आणि रिपीटर उभारायचा तर केंद्र सरकारच्या, बिनतारी परवाने देणाऱ्या डब्ल्यूपीसी शाखेची परवानगी व तिच्या अटी बंधनकारक असतात. अमेरिकेत हौशी रेडिओचा दोन मीटर तरंगलांबीचा पट्टा १४४ ते १४८ मेगाहर्ट्झ आहे, आपल्याकडे तो १४६ वर संपतो. तिकडचा एखादा रिपीटर जसाच्या तसा इकडे आणला, तर तो आपल्या पट्ट्याच्या बाहेर बोलत असण्याची शक्यता पुष्कळ आहे. तरीही अमेरिकी नियम अभ्यासण्यासारखे आहेत, कारण दूरनियंत्रणाचा विचार त्यांत नेमक्या शब्दांत केलेला आहे. अट एवढीच, की ते वाचावेत.

मजकूर ज्या कलमाचा आधार सांगतो ते ९७.२१३ हे कलम मी पूर्ण वाचले आहे. त्यात चार अटी आहेत. नियंत्रणाच्या ठिकाणापासून केंद्रापर्यंत, म्हणजे इथे रिपीटरपर्यंत, रेडिओची किंवा तारेची अशी लिंक हवी, की चालकाला आपली कर्तव्ये पार पाडता येतील. त्या लिंकमध्ये बिघाड झाला तर केंद्राचे प्रक्षेपण तीन मिनिटांपेक्षा जास्त चालू नये, अशी सोय हवी. अनधिकृत प्रक्षेपणापासून केंद्र सुरक्षित हवे. चौथ्या अटीकडे शेवटी येतो.

दुसऱ्या अटीत टेलिफोनचा उल्लेख नाही, इंटरनेटला सूट नाही आणि वादळाचा अपवादही नाही. लिंक तुटली, तर केंद्राने आपोआप गप्प झाले पाहिजे, एवढाच तिचा अर्थ. दूरनियंत्रण म्हणजे दुरून चालू करता येणे, असा या मजकुराचा समज दिसतो. नियमाच्या दृष्टीने मात्र नियंत्रण म्हणजे बंद करता येणे, आणि ती ताकद हातातून गेली की यंत्राने स्वतः बंद होणे.

आणि वादळात टायमर काढायचा? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगड भागात वीज आणि मोबाइल दोन्ही गेले आणि अनेक गावांत ते कित्येक दिवस परतले नाहीत. म्हणजे इंटरनेटवरची नियंत्रण-लिंक सगळ्यांत आधी तुटते ती नेमकी अशा दिवशी. त्याच वेळी एखाद्याच्या गाडीत माइकचे बटण दबून राहिले, रिले चिकटला किंवा स्क्वेल्च (सिग्नल नसताना रिसीव्हर गप्प ठेवणारे सर्किट) उघडा अडकला, तर रिपीटर अखंड प्रक्षेपण करत राहतो आणि त्या फ्रिक्वेन्सीवर मदत मागणाऱ्या दुसऱ्या कोणालाही बोलता येत नाही. झाडे पडून घाटरस्ते बंद असताना वर जाऊन स्विच कोण बंद करणार? बॅटरीचा हिशोबही करून पाहावा. शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरीवर नुसता ऐकत बसलेला रिपीटर अर्धा अँपिअर घेत असेल, तर कागदावर ती आठ दिवस पुरते. तोच रिपीटर सहा अँपिअर घेऊन अखंड बोलत राहिला, तर सतराव्या तासाला तो मेलेला असतो. ज्या यंत्रावर गावे विसंबणार, ते पहिल्याच दिवशी संपवण्याचा हा सल्ला आहे, आणि तो आणीबाणीची तयारी म्हणून दिला जातो याचा मला राग येतो.

यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करतो. नेहमीची संपर्कसाधने बंद पडलेली असताना जीव वाचवण्यासाठी उपलब्ध असलेले कोणतेही रेडिओसाधन वापरण्यास आडकाठी नाही, असे ९७.४०३ म्हणते. पण ती मुभा माणसाच्या त्या क्षणीच्या गरजेसाठी आहे. तिच्या नावाखाली आधीपासून यंत्राची सुरक्षा काढून ठेवता येत नाही.

भाचीला मी उलटच सांगितले. तिचा टायमर नियंत्रकाच्याच चिपवर, त्याच प्रोग्रॅममध्ये आहे. चिप अडकली तर टायमरही अडकेल. म्हणून प्रक्षेपकाचा पुरवठा तोडणारा वेगळा, स्वतंत्र टायमर बसवायला हवा.

कोडच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करणे हौशी सेवेत निषिद्धच आहे आणि आज्ञा लपवण्याची स्पष्ट सवलत अमेरिकी नियमांत अंतराळातील केंद्रांपुरती दिसते. पण "रिपीटर बंद कर" या आज्ञेचा अर्थ लपवणे वेगळे आणि ती आज्ञा देणारा अधिकृत आहे का हे तपासणे वेगळे. कोड जाहीर केला, तर अनधिकृत प्रक्षेपणापासून संरक्षणाची तिसरी अट त्याच क्षणी मोडते. खरी अडचण ही आहे, की डीटीएमएफचे, म्हणजे फोनच्या बटणांसारख्या आवाजांचे, आकडे हवेतून पाठवले तर रिसीव्हर असलेला कोणीही ते उकलू शकतो, म्हणून एकदाच चालणारे कोड किंवा तारेची लिंक वापरावी. रिपीटर उघडण्यासाठी बोलण्यासोबत पाठवला जाणारा टोन म्हणजे कुलूप नव्हे, हेही सांगून ठेवतो; पावसाळ्यापूर्वी समुद्रावरून दूरचे सिग्नल येऊन रिपीटर उघडतात, त्यांना अडवण्यापुरताच टोनचा उपयोग.

लिंक कोणत्याही फ्रिक्वेन्सीवर चालते, हे सरळ खोटे आहे. रेडिओ लिंकसाठी ९७.२०१ नुसार दोन मीटर आणि त्याहून लहान तरंगलांबीचेच पट्टे चालतात, आणि त्यातलेही काही भाग, उदाहरणार्थ उपग्रहांसाठीचा ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झ, वगळलेले आहेत.

राहिला जबाबदार चालकाचा प्रश्न. स्वयंचलित नियंत्रणात चालक नियंत्रणाच्या जागी बसून नसला तरी चालते, आणि दुसऱ्याचे नियमबाह्य बोलणे रिपीटरने नकळत पुढे पाठवले तर चालक त्याला उत्तरदायी नाही. मजकुराने यातला "नकळत" हा शब्द गाळला आणि चालकच गाळून टाकला. कलमाची चौथी अटही त्याने गाळली आहे: परवान्याची प्रत आणि परवानाधारक व किमान एक नेमलेला चालक यांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक केंद्रावर ठळक जागी लावलेले असले पाहिजेत. आपल्या परवान्यात ही अट असो वा नसो, सड्यावर आधी पोचणारा लाइनमन किंवा गुराखी त्याच कागदावरून फोन करणार आहे, म्हणून तो प्लास्टिकमध्ये सीलबंद करून पेटीच्या दाराला आतून लाव, असे मी भाचीला कळवले आहे.