लाकडी बैल पऱ्हाटीत शिरला

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या विदर्भात तान्हा पोळा भरतो. चाकं लावलेले लाकडी बैल, त्यांना झुली, बाशिंगं, सगळं खऱ्यासारखं. आणि दोरी पोरांच्या हातात. पण लाकडी बैल कुणाच्या पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कपाशीत शिरला, असं आजवर कधी ऐकलं नव्हतं. तो मान माझ्याकडे आला.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हंगामापुरता कम्प्युटरवाला. म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढायचा, दिवाणजींना त्यांचाच पासवर्ड आठवून द्यायचा आणि लाइन गेली की सगळ्यांबरोबर वर पंख्याकडे पाहायचं. एका रात्री पुण्याहून मावसभावाचा फोन आला. "डोमेन कंट्रोलर उभा करता येते काय तुले? नाई? मंग पुण्यात येऊन काय सरकी निवडशील?"

शब्द लागला. त्याच रात्री विंडोज सर्व्हरची चाचणीसाठी मिळणारी प्रत उतरवून घेतली. ती १८० दिवस चालते. पऱ्हाटीही पेरल्यापासून शेवटच्या वेच्यापर्यंत जवळपास तेवढीच चालते, म्हणून मला तो शकुनच वाटला.

डोमेन म्हणजे एका कचेरीतल्या सगळ्या कम्प्युटरांचं एकच दप्तर. कोण कोणाचा, कोणाचा पासवर्ड काय, कोणाला कुठवर शिरू द्यायचं, ते सगळं त्यात. हे दप्तर सांभाळणारा तलाठी म्हणजे डोमेन कंट्रोलर. विंडोज २००० पासून हा कारभार ॲक्टिव्ह डिरेक्टरी या नावानं चालतो. माझ्या दप्तरात मी एकटाच खातेदार होतो, पण तलाठी व्हायला तेवढं पुरतं.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये लॅपटॉपच्या पोटात दुसरा कम्प्युटर तयार केला आणि तो सर्व्हर त्यावर बसवला. ८ जीबीचा लॅपटॉप मळणीयंत्रासारखा घुमायला लागला. त्या पोटातल्या कम्प्युटरचं नेटवर्क कसं जोडायचं, ते सेटिंगमध्ये निवडायचं होतं. बरेच पर्याय होते, त्यात एक 'ब्रिज्ड'. ब्रिज म्हणजे पूल. दर पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन ज्याचं गाव तालुक्यापासून तुटतं, तो माणूस पुलाला नाही म्हणत नाही. मीही म्हटलं नाही. त्या पुलावरून माझा लाकडी बैल, म्हणजे हा खेळातला सर्व्हर, थेट जिनिंगच्या खऱ्या नेटवर्कवर उतरला, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग हौसेनं डीएचसीपी बसवलं. हे काय असतं, ते लग्नघरातून सांगतो. नवा पाहुणा एसटीतून उतरतो आणि चौकात उभा राहून ओरडतो, "जानवसा कुठं हाय हो?" जो आधी हात दाखवेल, त्याच्यामागं तो पिशवी घेऊन चालू लागतो. हात दाखवणारा मुलीकडचा आहे की दुसऱ्याच लग्नातला, याची चौकशी तो करत नाही. कम्प्युटरही सुरू झाला की असाच नेटवर्कभर ओरडतो, मला पत्ता द्या म्हणून. बहुतेक वेळा पहिलं उत्तर देईल तो त्याचा यजमान. विंडोजनं मला विचारलं, हा डीएचसीपी सर्व्हर अधिकृत करायचा का? गावचा सरपंच मी, ग्रामसेवक मी, ठराव मीच मांडला, अनुमोदनही मीच दिलं. केला अधिकृत.

तीन दिवस काही झालं नाही. सगळ्या कम्प्युटरांकडे आधीचे पत्ते होते, चौकात कुणी ओरडलंच नाही. मला वाटलं, जमलं!

चौथ्या दिवशी भर दुपारी लाइन गेली.

फाटकाबाहेर रांग. ट्रॅक्टर, मेटाडोर, दोन-तीन बंड्या. कापसाच्या गाड्या तोलायच्या काट्यावरच्या कम्प्युटरचा यूपीएस मागच्या हंगामापासून फक्त चहाचे कप ठेवायच्या कामाचा. दहा मिनिटांनी लाइन आली. सगळ्या कम्प्युटरांच्या तारा जिथं जुळतात, तो स्विच लगेच जागा झाला. काटेवाल्यानं बटण दाबलं. पत्ते वाटायचा खरा मान ज्याचा, तो कचेरीतला राउटर मात्र आमच्या शेटजींसारखा, उठल्यावर दोन मिनिटं नुसता बसून राहतो. आणि माझा लॅपटॉप? तो बॅटरीवर जागाच होता. काट्याचा कम्प्युटर चौकात ओरडला, तेव्हा हात दाखवायला माझ्या लाकडी बैलाशिवाय कोणीच नव्हतं.

कचेरीतली मशिनं १९२.१६८.१ या पत्त्यांच्या मोहल्ल्यात. काटा गेला १९२.१६८.१० मध्ये. पावतीचा नंबर ज्या मशिनीवरून यायचा, ती मशीनच त्याला दिसेना. काट्यावर भरलेला ट्रॅक्टर उभा, खाली उतरता येईना, मागच्यांना पुढं सरकता येईना.

"काय बाप्पा, काटा मेला काय?" रांगेतले एक काकाजी विचारायला आले. "घरून वजन करून आणलो असतो न मी!"

तेवढ्यात शेटजी मोबाइल हवेत धरून बाहेर आले. त्यांच्या व्हॉट्सॲपवर भाव येईनात. त्यांच्या फोनलाही माझ्याच सर्व्हरनं जागा दिली होती आणि माझा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा, त्यांना माझ्या रिकाम्या गावापलीकडची वाट दाखवू शकत नव्हता. "अरे, काय करून रायला तू?" शेटजींनी विचारलं. मी म्हणालो, "लाइनीमुळं झालं, शेटजी." हे अर्ध खरं होतं, म्हणून मी ते दोनदा म्हणालो.

काट्याच्या पडद्यावर पत्ता पाहिला आणि पोटात गोळा आला. आपल्या पोराचा आवाज दुसऱ्याच्या घरातून यावा तसा तो आकडा. धावत जाऊन लॅपटॉप बंद केला, पण तेवढ्यानं भागेना. विंडोजचा डीएचसीपी नेमून न दिल्यास ८ दिवसांच्या मक्त्यानं पत्ता देतो. मालक गेला तरी मक्तेदार शेत सोडत नाही. रिलीज, रिन्यू अशा आज्ञा देऊन एकेकाला बाहेर काढलं. तोवर दिवाणजींनी हातानं अकरा पावत्या फाडल्या होत्या आणि पेनातली शाई संपल्याचा दोषही माझ्याच खात्यावर मांडला होता.

दुसरा डाव मी घाबरतच मांडला. या वेळी 'इंटर्नल नेटवर्क' निवडलं. सर्व्हर आणि त्याचा एकुलता एक क्लायंट, म्हणजे त्याच्या हाताखालचा कम्प्युटर, लॅपटॉपच्या पोटातच एकमेकांशी बोलतात, बाहेरचा वारा लागत नाही. आधी डोमेनच्या नावाच्या शेवटी हौसेनं 'लोकल' लावलं होतं. घरगुती प्रिंटर वगैरे एकमेकांना हाका मारायला तेच वापरतात. आता 'टेस्ट' लावलं. हे शेपूट १९९९ पासून चाचणीसाठीच राखून ठेवलेलं आहे, ते कुणाला विकत मिळत नाही. डोमेन कंट्रोलर करण्याआधी मशिनीचा स्नॅपशॉट, म्हणजे बिघडलं तर मागं फिरता यावं अशी नोंद, घेतला, मारुतीला नारळ फोडतात त्याच भावनेनं. मग काट्याच्या कम्प्युटरवरून माझ्या सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे 'हायेस काय?' अशी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा केलं. नाही. उत्तर न आल्याचा एवढा आनंद मला फक्त एकदा, सासरेबुवांच्या पहिल्या फोनच्या वेळी झाला होता.

एक अडचण मात्र राहिली. डोमेनमध्ये ओळख पटवणारा केर्बेरॉस दोन घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक चालवून घेत नाही. 'पाच मिनिटांत आलो' म्हणून गेलेला माणूस जिथं पोळा झाल्यावर परततो, तिथं हा नियम कोणी लिहिला असता तर त्याला गावानं पाणी दिलं नसतं.

दिवाणजींना मी नंतर खरं सांगितलं. त्यांनी ते काटेवाल्याला सांगितलं, म्हणजे गावाला सांगितलं. आता लाइन गेली की शेटजी जनरेटरवाल्याला हाक मारायच्या आधी काटेवाला खिडकीतून डोकं आत घालतो.

"भाऊ, तुमचा बैल बांधेल हाय न?"