पायलट झोपला नव्हता, दांडे सारखे होते

उद्यमनगरातल्या आमच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर असा: 'पूर्वी कॉकपिटमध्ये नुसते काटेच काटे होते, म्हणून चुका व्हायच्या. आता सगळं स्क्रीनवर दिसतं, चुकायला जागाच नाही. तरी विमान पडलं तर समजा, पायलटचं लक्ष नव्हतं.' खाली अंगठ्यांची रांग. लेथ आणि प्रेसवर जन्म काढलेल्या माणसांनी याला अंगठे द्यावेत?

शेवटचं वाक्य आधी घेतो, सगळा घोळ तिथंच आहे. 'लक्ष नव्हतं.' दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप उतरायची आणि मग धावपट्टीवर पायलट फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली-वर होणारी पट्टी) मिटवायच्या ऐवजी चाकंच मिटवायचा. विमान पोटावर. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञानं आत जाऊन बघितलं, तर दोन्ही स्विच शेजारी-शेजारी आणि हाताला अगदी सारखे. त्यानं चाकांच्या स्विचला छोटं रबरी चाक लावलं, फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखा तुकडा. आजही प्रवासी विमानात चाकांच्या लिव्हरची मूठ चाकाच्याच आकाराची असते.

माझ्या जुन्या लेथवर ऑटो फीडचा आणि आटे पाडायचा असे दोन दांडे वीतभर अंतरात. नव्या पोरानं चुकीचा ओढला, जॉब वाया गेला, मी शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर एका दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. परत कधी चुकला नाही. चापानिसचं नाव त्यानं ऐकलं नव्हतं. तेव्हा मी तरी कुठं ऐकलेलं!

१९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी कॉकपिटमधले दांडे-स्विच हाताळताना झालेल्या चुकांचे ४६० किस्से पायलटांकडून गोळा केले. निम्मे किस्से एकाच्या जागी दुसरंच ओढल्याचे. इंजिनाचे तेच तीन दांडे, थ्रॉटल (इंजिनाचा जोर), प्रोपेलर (पंख्याचा वेग) आणि मिक्स्चर (इंधन-हवेचं मिश्रण), पण दर विमानात क्रम वेगळा. बी-२५ मध्ये डावीकडून थ्रॉटल, प्रोपेलर, मिक्स्चर. सी-४७ मध्ये प्रोपेलर, थ्रॉटल, मिक्स्चर. सी-८२ मध्ये मिक्स्चर, थ्रॉटल, प्रोपेलर. उजव्या पायाला गिअर असलेली जुनी बुलेट ज्यानं चालवलीय त्याला दुसऱ्या गाडीवर बसल्यावर काय होतं ते सांगायला नको.

'स्क्रीनवर चुकायला जागाच नाही.' २० जानेवारी १९९२, फ्रान्समधलं स्ट्रासबर्ग. उतरायला आलेलं ए-३२० हे प्रवासी विमान डोंगरावर आदळलं, ८७ माणसं गेली. स्क्रीनवालंच विमान. चौकशीत पुढं आलेली एक मोठी शक्यता अशी: वैमानिकांना ३.३ अंशांचा उतार हवा होता, पण यंत्रणा मिनिटाला ३,३०० फूट खाली जायच्या मोडमध्ये होती. दोन्हीला बटण तेच फिरवायचं, खिडकीत आकडा एकदा 'उणे ३.३' आणि एकदा 'उणे ३३'. मध्ये फक्त एक टिंब! नंतर फुटांचा आकडा पूर्ण चार अंकी दाखवायची सुधारणा झाली.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१० मध्ये एक इंजिनाच्या छोट्या विमानांचा अभ्यास केला. स्क्रीनवाल्यांचे एकूण अपघात कमी निघाले, पण जीवघेण्या अपघातांचं प्रमाण काटेवाल्यांपेक्षा जास्त.

काट्यांबद्दल फॉरवर्ड निम्मा खरा आहे. तीन काट्यांचा जुना अल्टिमीटर (उंची दाखवणारं घड्याळ) वाचताना पायलट १०,००० फुटांनी चुकायचे. पण दोष काट्याचा नव्हे, एकावर एक तीन बसवण्याचा. कॉम्प्रेसरच्या गेजवर आपण लाल रंगाची रेघ मारतो. शेडच्या दुसऱ्या टोकावरून आकडा दिसत नाही, पण काटा रेघेकडे चाललाय हे कळतं. म्हणूनच ए-३२० च्या इंजिनाच्या स्क्रीनवरसुद्धा अर्धगोल आणि त्यात काटा काढलेला असतो.

हे ग्रुपवर टाकल्यावर एकानं विचारलं, "मग पायलटची चूक कधी नसतेच काय?" असते की. चेकलिस्ट टाळली, पिऊन बसला, तर त्याचीच. पण बी-१७ वाले पिऊन नव्हते, मालक.