तापलेल्या खोलीतला योग

मंग्याने हॉट योगाचा क्लास लावला आणि कट्ट्यावर येऊन म्हणाला, "हजारो वर्षांची परंपरा आहे रे." झालं, सुहास पेटला.

"परंपरा कसली डोंबलाची! हा विक्रम चौधरीचा उद्योग. मूळचा कलकत्त्याचा, परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ विष्णुचरण घोष यांचा चेला. १९७०च्या दशकात अमेरिकेत गेला आणि २६ आसनं, २ श्वसनप्रकार, ९० मिनिटं, ४० अंशांची दमट खोली असं पॅकेज बांधलं. आसनं जुनी, हीटर नवा."

"कलकत्त्याचा उकाडा सोबत नेला म्हण की," वैशाली.

"वर त्या क्रमावर मालकी सांगत कोर्टात गेला! अमेरिकेच्या अपील कोर्टाने २०१५ मध्ये सांगितलं, आसनांच्या क्रमावर कॉपीराइट चालत नाही. आणि २०१६ मध्ये त्याच्याच माजी वकील बाईंच्या लैंगिक छळाच्या खटल्यात ज्यूरीने त्याच्याविरुद्ध निकाल दिला."

"माणूस नालायक म्हणून व्यायाम वाईट का?" मंग्या चिडला. "घामावाटे शरीरातली विषं जातात."

"मग मूत्रपिंडं काय सुट्टीवर आहेत? घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ."

इथे मी सुहासच्या बाजूने. २०१८च्या एका अमेरिकी अभ्यासात काही जणांनी १२ आठवडे तापलेल्या खोलीत, तर काहींनी साध्या खोलीत हीच आसनं केली. रक्तवाहिन्यांच्या अस्तराचं काम दोन्हीकडे सुधारलं. म्हणजे गुण आसनांचा, उष्णतेची भर काही दिसली नाही.

वैशाली मात्र अडून बसली. "आणि नैराश्यावरचा २०२३चा प्रयोग? ८ आठवडे हॉट योगा केलेल्यांची लक्षणं बरीच उतरली."

"तुलना कोणाशी? नुसतं वेटिंग लिस्टवर बसलेल्यांशी. साध्या योगाशी लावून बघायला हवी होती."

मुद्दा बिनतोड. तरी ज्याचं मन खरंच हलकं झालं, त्याला हे सांगून काय उपयोग, असं वैशालीचं म्हणणं. तेही मला पटलं.

"सांधे सांभाळ," सुहास जरा नरमला. "उष्णतेत अंग सैल वाटतं, माणूस नको तेवढा ताणतो. पाणी पी, चक्कर आली तर लाज न बाळगता बाहेर ये. गरोदर बायकांनी आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये."

"त्यापेक्षा साध्या खोलीत कर की," वैशाली म्हणाली.

मंग्या म्हणाला, "वर्षाची फी भरलीय."